गोळी की नाचणी? वाद भलत्याच जागी अडकला आहे

गरोदर बाईच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन साडेनऊ, म्हणजे कमी, निघालं की आपल्याकडे घरात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "त्या लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडतं. नाचणी खा, बीट खा, तांबडी भाजी खा, रक्त आपोआप भरून येईल." दुसरा म्हणतो, "डॉक्टरांनी लिहून दिलंय ना? मग गोळी घे, नखरे कसले?" हाच वाद पुढे महिला मंडळात, आरोग्य शिबिरांतल्या भाषणांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत चालू राहतो. रेशनवर लोह मिसळलेला पोषणयुक्त तांदूळ आल्यापासून तर त्याला रसायन विरुद्ध निसर्ग असं रूप आलं आहे. मला या वादाचा राग येतो, कारण ज्या बाईवरून तो चालतो तिच्याकडे दोन्ही तटांतलं कोणी नीट बघत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. गरोदरपणात लोहाची तूट असेल तर गोळी लागतेच. ती तूट त्या नऊ महिन्यांत ताटातून भरून निघत नाही. पण गोळीची पट्टी हातात ठेवली म्हणजे उपचार झाला असं नाही. गोळी कशी आणि कधी घ्यायची हे समजावणं, महिन्याने रक्त पुन्हा तपासणं, वाढलं नसेल तर का वाढलं नाही ते शोधणं आणि वेळेत पुढचा उपचार देणं, हे सगळं मिळून उपचार होतो. पट्टी देण्याचं काम गोवा चांगलं करतो. पुढच्या कामांत आपण ढिले पडतो आणि दोष त्या बाईच्या माथी मारतो.

आकडे काय सांगतात? 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. त्याआधीच्या फेरीत तो आकडा 50.4 होता. गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या सगळ्या स्त्रियांचं बघितलं तर प्रमाण सुमारे 31 टक्क्यांवरून 39 टक्क्यांवर गेलं. गोव्यात त्या सर्वेक्षणात सापडलेल्या गरोदर स्त्रियांची संख्या लहान असते, म्हणून त्यांच्या वेगळ्या आकड्यावर मी फार भर देत नाही. पण दिशा लपत नाही. आणि हे अशा राज्यात, जिथे जवळजवळ सगळी बाळंतपणं दवाखान्यात होतात, जिथे लोहाच्या गोळ्या शंभर दिवस घेतल्याचं सांगणाऱ्या आयांचं प्रमाण देशाच्या 44 टक्के या सरासरीपेक्षा कितीतरी वर आहे. दवाखाना जवळ, गोळी फुकट, बाळंतपण डॉक्टरांच्या हाती, तरीही रक्त कमीच. मग "बायकांपर्यंत सोय पोचत नाही" हे उत्तर निदान आपल्यापुरतं तरी पुरेल का?

आता आहारवाल्यांचं म्हणणं घेऊ. त्यात बरंच खरं आहे, ते आधी मान्य करतो. लोहाची तूट मुळात ताटातून सुरू होते. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली आमटी आणि मासळीच्या कालवणाचा नुसता रस्सा ज्या बाईच्या वाट्याला येतो, तिला आयुष्यभर गोळ्या दिल्या तरी मूळ दुखणं राहणारच. पण गरोदरपणाचा हिशेब वेगळा आहे. गर्भ आणि वार यांना मिळून सुमारे 300 मिलिग्रॅम, आईचं वाढणारं रक्त बनवायला सुमारे 500 आणि शरीरातून रोज होणाऱ्या झिजेसाठी 200 च्या आसपास, असं एकूण साधारण 1000 मिलिग्रॅम लोह या काळात लागतं. त्यातलं बहुतेक शेवटच्या पाच महिन्यांत. याउलट डाळ-भात-भाजीच्या रोजच्या जेवणात समजा 15 मिलिग्रॅम लोह असलं, तरी त्यातलं आठ टक्के, म्हणजे सव्वा मिलिग्रॅमच्या आत-बाहेर रक्तात उतरतं. रोजची झीजच पाऊण मिलिग्रॅमच्या वर असते. झिजेचे 200 वजा केले तरी उरलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमवर आठशेचा खड्डा कसा भरायचा? ज्यांच्याकडे आधीचा साठा असतो त्या तो वापरतात. ज्यांच्याकडे नसतो त्या सातव्या महिन्यात जिना चढताना धापा टाकतात.

लाल रंगावरची आपली श्रद्धा तर फारच महाग पडते. बीट कापलं की बोटं लाल होतात, डाळिंबाचा रस रक्तासारखा दिसतो, म्हणून ते रक्त वाढवतात असं आपण धरून चालतो. शंभर ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम असतं, बिटात एका मिलिग्रॅमहूनही कमी. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात डाळिंबाचा भाव काय असतो ते घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा. तेवढ्या पैशांत मसूर, कुळीथ, हरभरे, अंडी आणि आठवड्याची मासळी येईल. नाचणी त्यांच्याहून नक्कीच चांगली. तिच्यात शंभर ग्रॅममागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास लोह आहे. पण तिच्यात कॅल्शियमही भरपूर आहे आणि लोहाला धरून ठेवणारे घटकही आहेत, त्यामुळे ते सगळं रक्तात उतरत नाही. मोड आणून किंवा आंबवून घेतली तर जास्त उतरतं. आपल्या आज्या सत्त्व काढायच्या, अंबील करायच्या, ते वाया नव्हतं.

जेवणाचं खरं काम दुसरंच आहे, आणि त्यावर या वादात कोणी बोलत नाही. ताटात लोह किती आहे यापेक्षा त्यातलं अंगी किती लागतं हे जास्त महत्त्वाचं. उकड्या तांदळाचा भात आणि कुळथाची आमटी यांच्यासोबत बांगड्याची एक तुकडी असली तर भाजी-डाळीतलं लोहसुद्धा अधिक शोषलं जातं; मासळी-मटणाचा हा गुण प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. शिवराकाच्या, म्हणजे शाकाहारी जेवणाच्या, दिवशी तेच काम लिंबू, आवळा किंवा पेरूची फोड करते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या लोहाचा मोठा हिस्सा अडवतो. श्रावणभर मासळी बंद, सोमवारी उपवास, दिवसातून चार वेळा चहा आणि घरातल्या इतरांची जेवणं झाल्यावर दुपारी तीनला जेवायला बसणं, असं गरोदरपण आपण कितीजणींचं पाहिलं आहे? व्रत कोणी कसं पाळावं हे मी सांगणार नाही. पण पोटात बाळ असताना मासळी सोडायची असेल तर त्या दिवसांत उसळ, लिंबू आणि अंडं चालत असेल तर अंडं ताटात येईल याची काळजी घरच्या मोठ्यांनी घ्यावी. ती जबाबदारी सुनेच्या एकटीच्या गळ्यात मारू नये.

"गोळी म्हणजे रसायन, ते आपलं नव्हे," असं म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास जरा उघडून पाहावा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सोळावा अध्याय पांडुरोगाचा, म्हणजे अंग फिकट पडण्याच्या आजाराचा, आहे, आणि त्यात नवायस चूर्ण, मंडूर वटक असे लोहाचेच कल्प सांगितले आहेत. फिकट पडलेल्या माणसाला खाण्यातून जेवढं मिळतं त्याहून जास्त लोह द्यावं लागतं, हे आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. फ्रान्समध्ये पिएर ब्लो या डॉक्टरांनी 1832 साली लोहाची गोळी फिकट पडलेल्या तरुण मुलींसाठी प्रचारात आणली. पुढची शंभर वर्षं तीच युरोपभर चालली. आज आरोग्य केंद्रात मिळणारी लाल गोळी त्याच कुळातली. दोन खंडांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या वैद्यकांनी एकाच धातूकडे हात नेला असेल तर गोळीला परकी म्हणून नाकारण्यात काय अर्थ आहे? अर्थात गरोदरपणात कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून भस्म आणून खाणं धोक्याचं आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता दुसऱ्या तटाकडे वळू, कारण माझा जास्त राग त्यांच्यावर आहे. "बायका गोळ्या घेत नाहीत, फेकून देतात, अडाणीपणा आहे." हे वाक्य शिकलेल्या माणसांच्या तोंडी इतक्या वेळा येतं की ते खरं आहे का हे तपासायची गरजच कोणाला वाटत नाही. गोळीने मळमळतं हे खरं आहे. बद्धकोष्ठ होतं, तोंडाला धातूची चव येते, शौच काळं होतं, हे सगळं खरं आहे. चौथ्या महिन्यात आधीच अन्न नको झालेलं असताना सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेऊन कामाला निघणाऱ्या बाईला वाटेत उलटी झाली, आणि तिने दुसऱ्या दिवशी गोळी घेतली नाही, तर तिने आपल्या शरीराचा अनुभव मानला एवढंच. शौच काळं होणार आहे आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर? गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते, हे सांगितलं असतं तर? गोळीने बाळ काळं होतं, बाळ फार वाढतं आणि मग सिझर करावं लागतं, असले समज जिथे कोणी बोलत नाही तिथेच वाढतात.

माझ्या भाचीचं उदाहरण देतो. तिच्या पिशवीत एका केंद्रातून मिळालेली लोहाची लाल पट्टी होती, तिथलीच कॅल्शियमची पट्टी होती, आणि खाजगी डॉक्टरांनी लिहून दिलेली तिसरी, जीवनसत्त्वांची गोळी होती, जिच्यात पुन्हा लोह आणि कॅल्शियम दोन्ही होतं. मुलगी पदवीधर, नोकरी करणारी. ती तिन्ही गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर, चहाच्या घोटाबरोबर एकदमच घ्यायची, म्हणजे विसरायला नको. दोन महिने एकही दिवस चुकला नाही आणि हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला अडवतं, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवावं असं सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. चहाचं तर वर सांगितलंच. पण पट्ट्या देणाऱ्या खिडकीशी मागे वीस जणी उभ्या असताना हे कोणी सांगायचं? तिला बेशिस्त कोण म्हणेल? गोळ्या "वाटप" या रकान्यात बरोबर भरल्या गेल्या होत्या.

इथे एक नवी माहिती दोन्ही तटांना सारखीच गैरसोयीची आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2017 साली दाखवून दिलं की लोहाची गोळी घेतल्यावर शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते पुढचे चोवीस तास लोहाची वाट अरुंद करतं. म्हणून लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना एक दिवसाआड दिलेल्या गोळीतला जास्त हिस्सा अंगी लागला. हा प्रयोग गरोदर नसलेल्या स्त्रियांवरचा होता आणि आपल्या कार्यक्रमात गरोदरपणात रोजच गोळी द्यायची असं आहे, तेव्हा ज्याने त्याने आपल्या मनाने वेळापत्रक बदलू नये. पण ज्या बाईला रोजची गोळी सोसवतच नाही तिच्याशी डॉक्टरांनी या वाटेबद्दल बोलायला काय हरकत आहे? दिवसाआड पोटात राहिलेली गोळी परसात फेकलेल्या तीस गोळ्यांपेक्षा बरी. जिथे "घे" किंवा "नको घेऊ" एवढे दोनच शब्द शिल्लक राहतात, तिथे हे मधलं बोलणं होतच नाही.

रक्त वाढत नाही म्हणजे बाई गोळी घेत नाही, हे गृहीत धरण्याची किंमत किती मोठी असते हे मुंबईच्या इतिहासात नोंदलेलं आहे. 1928 साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात भयंकर रक्तक्षयाने मरत होत्या. जंतू, अस्वच्छता, त्या बायकांच्या सवयी, असे सगळे संशय तेव्हाही होतेच. विल्सने त्या बायका काय खातात ते तपासलं, आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले आणि 1931 साली जाहीर केलं की यीस्टच्या अर्कातला कुठला तरी घटक हा आजार बरा करतो. तो घटक म्हणजे पुढे पालकाच्या पानांतून वेगळं काढलेलं फॉलिक अ‍ॅसिड. आज गोव्यातली गरोदर बाई जी लाल गोळी घेते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं ते मुंबईतल्या त्या मजूर बायकांमुळे. त्यांचा आजार लोहाच्या तुटीचा नव्हताच. विल्सने त्यांना "नीट खात नाही" म्हणून बोल लावला असता आणि तिथेच थांबली असती, तर काय झालं असतं?

आजही तीच चूक छोट्या प्रमाणात रोज होते. महिनाभर गोळी नीट घेऊन हिमोग्लोबिन एका ग्रॅमनेही वाढलं नाही, तर बाईला पुढच्या दवाखान्यात पाठवावं असं अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमाचाच नियम सांगतो. का? कारण मग कारण दुसरं असू शकतं. बी-12 जीवनसत्त्व कमी असेल, पोटात जंत असतील, किंवा ती थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक असेल. वाहक स्त्रीच्या रक्तपेशी लहान असतात, हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, आणि रिपोर्ट वरवर पाहिला तर तो लोहाच्या तुटीसारखाच दिसतो. पण लोहाची तूट नसेल तर लोह कितीही दिलं तरी आकडा हलत नाही. रक्ताच्या साध्या संपूर्ण तपासणीत पेशींचा आकार छापलेला असतोच. तो वाचायचा आणि गरज असेल तर वाहक ओळखणारी हिमोग्लोबिन ए-2 ची तपासणी करायची, एवढंच काम. नवराही वाहक निघाला तर प्रत्येक बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्या विकाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता चारांत एक असते. हे सगळं न बघता त्या बाईला तिसऱ्यांदा तीच पट्टी देऊन "नीट घे गं" म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे.

रक्तक्षयाच्या या सगळ्या आकड्यांवरच एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो चित्रफितींतून आलेला नाही, तज्ज्ञांकडून आलेला आहे. बंगळुरूचे पोषणतज्ज्ञ अनुरा कुरपाड आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षं सांगत आहेत की हिमोग्लोबिनच्या जागतिक मर्यादा आपल्या लोकांना जशाच्या तशा लावल्याने रक्तक्षय आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, बोटाच्या थेंबावरून केलेली मोजणी शिरेतल्या रक्ताइतकी भरवशाची नसते, आणि गरज नसताना दिलेलं लोह निरुपद्रवी नसतं. त्यांचा 2021 चा प्रसिद्ध अभ्यास मुलं आणि किशोरवयीनांवर होता. गरोदरपणातही थोडा उतार नैसर्गिक असतो, कारण रक्तातला द्रव भाग पेशींपेक्षा जास्त वाढतो. म्हणूनच मधल्या तिमाहीत मर्यादा 11 ऐवजी 10.5 धरण्याची पद्धत आहे. हा आक्षेप मला पटतो. पण तो पटला तर निष्कर्ष काय निघतो? 10.8 हिमोग्लोबिन असलेल्या बाईला घाबरवू नका, आणि कोणाला खरंच तूट आहे ते नीट मोजा. गोळ्या बंद करा असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आठ हिमोग्लोबिन घेऊन प्रसूतीला जाणाऱ्या बाईसाठी मर्यादेचा हा वाद बिनकामाचा आहे. तिला बाळंतपणात जरा जास्त रक्तस्राव झाला तर ते सोसायला तिच्याकडे शिल्लक काहीच नसते. मोजणी सुधारा या मागणीत मी कुरपाडांच्या बाजूचा आहे, आणि महिन्याने पुन्हा मोजा ही माझी मागणी त्याच वाटेवरची आहे.

तांदळाचं थोडक्यात. रेशनच्या पोषणयुक्त तांदळात किलोला 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. रोज पाव किलो तांदूळ खाल्ला तर सात ते साडेदहा मिलिग्रॅम, आणि त्यातलं दहावा हिस्साही अंगी लागत नाही. म्हणजे हा तांदूळ विषही नव्हे आणि गरोदरपणातला उपचारही नव्हे. वेगळे दिसणारे ते दाणे प्लास्टिकचे नाहीत, तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून बनवलेले असतात. आयोडीनयुक्त मिठाच्या वेळी आपण हेच बघितलं. 1956 पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला, तरी 2000 साली खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावरची बंदी उठली, 2005 मध्ये पुन्हा आली, आणि मधल्या काळात मिठाच्या स्वातंत्र्यावर भरपूर बोललं गेलं. गोव्यातल्या आगरवाडा, रायबंदरच्या मिठागरवाल्यांचं त्या बंदीविरुद्धचं गाऱ्हाणं खरं होतं, त्याची दखल कोणी घेतली नाही, हेही मी मानतो. पण गलगंड आयोडीनने जातो ही गोष्ट त्या गाऱ्हाण्याने खोटी ठरली नाही. सगळ्या लोकसंख्येसाठी असलेला उपाय आणि एका आजारी माणसाचा उपचार यांत गल्लत केली की दोन्हींचं नुकसान होतं.

वेळ हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. आपल्याकडे पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी मे महिन्यात होते, जुलैत ओढ्याला पाणी चढल्यावर नाही. लोहाचं मात्र आपण आठव्या महिन्यात बघायला लागतो. त्या टप्प्यावर तोंडाने घेतलेली गोळी पुरत नाही. दुसऱ्या तिमाहीपासून शिरेतून लोह देता येतं. आयर्न सुक्रोजच्या मात्रा छोट्या असतात, म्हणून चार-पाच खेपा होतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एकाच बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत देता येतं. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, दोन गाड्या बदलून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाच खेपा घालायच्या, घरी तीन वर्षांचं पोर ठेवून, रोजंदारी बुडवून, हे आपण कोणाला सांगतो आहोत? तिसऱ्या खेपेला ती आली नाही की फाइलवर "रुग्ण गैरहजर" असा शेरा पडतो. ही सोय वाळपई, पेडणे, काणकोण इथल्या दवाखान्यांत, ठरलेल्या वारी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि शक्य तिथे एकाच बैठकीत मिळावी, ही मागणी आमदारांकडे करावी अशी आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची खास तपासणी 2016 पासून होतेच. त्या दिवशी मागच्या महिन्याचा हिमोग्लोबिनचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी लिहावा. दोन आकड्यांतला फरक डोळ्यांना दिसला की पुढचं पाऊल डॉक्टरांना टाळता येत नाही, आणि बाईलाही आपलं काय चाललं आहे ते कळतं.

खरं तर आठव्या महिन्याची ही धावपळ चौदाव्या वर्षी टाळता येते. शाळांत दर आठवड्याला निळी गोळी देण्याचा कार्यक्रम आहे. मुलींना पाळीत किती रक्त जातं हे घरात कोणी विचारत नाही. सात-सात दिवस चालणारी पाळी "आमच्याकडे असंच असतं" म्हणून सोडून दिली जाते. लग्न ठरवताना पत्रिका, पगार, घर, सगळं बघतात. मुलीचं हिमोग्लोबिन बघा असं मी म्हणणार नाही, त्याचा वापर मुलगी नाकारायला होईल याची मला खात्री आहे. पण लग्नानंतर मूल हवं असं दोघांनी ठरवलं की आधी रक्त तपासून घ्यावं, तूट असेल तर तीन-चार महिने ती भरावी आणि मग पुढे जावं, हे डॉक्टरांनीच सांगायला हवं. 1970 पासून या देशात गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम चालू आहे. अर्धं शतक उलटूनही निम्म्या स्त्रियांचं रक्त कमी असेल तर कार्यक्रम सुरू होण्याची वेळच उशिराची आहे, असा संशय यायला नको का?

आणि प्रसूतीनंतर तर सगळेच तिला विसरतात. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता थोडा वेळ थांबलं तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि त्याच्या पहिल्या सहा महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो. याला खर्च शून्य, आणि हे थांबणं सरकारी कार्यक्रमाचा भाग आहे. गरोदर बाईने आणि तिच्या घरच्यांनी प्रसूतीआधीच त्याबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवावं. आईने बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळी घ्यायची असते. प्रत्यक्षात बाराव्या दिवशी पाळणा हलतो आणि गोळ्यांची पट्टी कपाटात जाते. बाळंतपणात गेलेलं रक्त, अंगावरचं पाजणं, रात्रीचं जागरण, यात ती दमलेली दिसली तर "बाळंतीण आहे, दमणारच" असं म्हणून आपण मोकळे होतो. मग दीड वर्षाने दुसरं बाळ राहतं तेव्हा रिपोर्टात पुन्हा साडेनऊ, किंवा त्याहून खाली. मधल्या काळात कोणीच मोजलेलं नसतं. बाळाला सहा आठवड्यांची लस द्यायला आई केंद्रात येतेच, गोव्यात तर हमखास येते. त्याच दिवशी, त्याच खोलीत तिचंही हिमोग्लोबिन बघावं, आकडा बाळाच्या लसीकरण कार्डावरच लिहावा, आणि कमी असेल तर पुढच्या लसीच्या दिवशी, महिन्याभराने, पुन्हा बघावं. यासाठी वेगळा माणूस लागत नाही, वेगळी इमारत लागत नाही.